आधी अर्थ, मग सही

दारात पोचले की मामा आधी चपला काढायचे. बंगला असो नाहीतर पत्र्याची खोली, चपला काढून उंबऱ्याच्या बाहेर उभे राहायचे, पिशवीतून कागद काढायचे आणि म्हणायचे, "घाबरू नका. कागद हाय, साप नाय." समोरच्यानं घाईघाईनं पेन मागितलं की ते पेन मागं घ्यायचे. "आधी अर्थ, मग सही."

मामा आमच्या कोर्टात बेलीफ होते. तुमच्यापैकी ज्यांच्यावर कोर्टाची पायरी चढायची वेळ आली नाही त्यांच्यासाठी सांगते. साहेब, म्हणजे न्यायाधीश, खुर्चीत बसून जे लिहितात ते लोकांच्या दारापर्यंत नेऊन पोचवणारा माणूस म्हणजे बेलीफ. समन्स, नोटीस, जप्ती, ताबा, सगळं त्याच्या हातून जातं. त्यामुळे तो दारात आलेला कुणालाच आवडत नाही. कुठलं कोर्ट ते सांगत नाही आणि मामांचं नावही सांगत नाही. संभाजीनगरात कोर्टं पुष्कळ आहेत, आणि मामा म्हणवून घेणारे त्याहून पुष्कळ.

मी नाझर शाखेत कारकून होते. बेलीफांची सगळी कामं या शाखेतून चालतात. आता मी तिथं नाही, आणि निवृत्तही झालेले नाही. का ते पुढं येईलच.

माझा नवरा त्याच कोर्टात होता. तो गेला आणि अनुकंपेवर मला त्याच्या जागी घेतलं. मुलगी तेव्हा चौथीत. मी शिकलेली होते, अक्षर चांगलं होतं, पण कोर्टाची भाषा म्हणजे मराठी असूनही न कळणारी. पहिल्या आठवड्यात मी एका दरखास्तीवर 'अर्ज' असं लिहून ती भलत्याच गठ्ठ्यात लावली. शाखेचे प्रमुख नाझरसाहेब मला सगळ्यांसमोर बोलले. मी रडायची तेवढी राहिले होते.

मामा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "ताई, दावा जिंकला म्हंजी भाकर तव्यावर भाजली. ताटात पडाया दरखास्त लागती. हुकूम एक, त्याची तामिली, म्हंजी अंमल, दुसरी. तुमची काय चूक नाय, कुणी सांगितलंच नव्हतं."

तिथून माझी शाळा सुरू झाली. दुपारी डबा खाताना मामा एकेक शब्द घ्यायचे. वादी कोण? "जो आधी पळत कोर्टात गेला तो वादी. मागं राहिला तो प्रतिवादी. खरा कोन, खोटा कोन, त्याचा ह्या नावांशी काय संबंध नाय." कैफियत म्हणजे प्रतिवादीनं आपली बाजू लिहून देणं. मनाई हुकूम म्हणजे दोन लेकरं एका खेळण्यावर भांडायला लागली की आई ते फळीवर ठेवून देते, तसं. "निकाल न्हाई झाला बरं का ताई. निस्तं फळीवर ठिवलंय. लोक मनाई मिळाली की पेढे वाटत्यात."

समन्सबद्दल मात्र ते थट्टा करत नसत. "समन्स म्हंजी हाक. कोर्ट तुमच्या नावानं हाक मारतंय, या आन् तुमचं सांगा. गेलं नाय तर कोर्ट काय करंल? जो आला त्याचंच ऐकंल. त्याला म्हणत्यात एकतर्फी. ताई, कोर्टातला सगळ्यात वंगाळ शब्द त्यो. फाशीबिशी सोडा. फाशीला बी आधी इचारत्यात."

त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धीच होती. कोर्टात लागायच्या आधी ते वाळूजला एका कारखान्यात प्रेसवर होते, तिथं गेली. भरपाईसाठी कुणीतरी त्यांना दावा लावून दिला. पहिल्या दिवशी साहेब म्हणाले, तारीख पडली. मामा घरी आले. तारीख पडली म्हणजे आता ते लोक त्यांचं त्यांचं बघतील, असं त्यांना वाटलं. चार महिन्यांनी चौकशीला गेले तर दावा केव्हाच निकाली निघाला होता. वादी गैरहजर.

"मला कुणी सांगितलंच नाय की तारखेला आपुन जायचं असतं," ते म्हणायचे. त्यांना यावर हसू यायचं, मला नाही. पुढं त्याच आवारात शिपाई म्हणून चिकटले आणि बढतीनं बेलीफ झाले. ज्या शब्दांनी त्यांना फसवलं ते शब्द दारोदार समजावत फिरायचं हे त्यांनी कुणी न सांगता अंगावर घेतलं. सरकारी पगारात ते बसत नव्हतं. एक समन्स द्यायला इतर बेलीफांना पाच मिनिटं लागायची, मामांना अर्धा तास. नाझरसाहेब वैतागायचे. "तुम्ही बेलीफ आहात का कीर्तनकार?"

आता त्या बोटांचं दुसरं काम सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

कागद दिला, की नाही दिला, का नाही दिला, हे बेलीफानं लिहून कोर्टात द्यायचं असतं. त्याला बजावणीचा अहवाल म्हणतात. अर्ध्या बोटांनी मामांचं अक्षर असं यायचं की त्यांचं त्यांनाच लागायचं नाही. एक अहवाल साहेबांनी परत पाठवला तेव्हा मी म्हटलं, द्या, मी लिहून देते. तेव्हापासून मामा सांगायचे, मी लिहायची, ते खाली सही करायचे. नियमात हे नाही. पण नियमात नसलेलं पुष्कळ काही कचेऱ्यांमध्ये रोज चालतं, त्यात एक हे.

आणि मामांचाही एक नियम होता जो कुठल्या पुस्तकात नव्हता. हळद लागलेल्या घरी आणि मयतीच्या घरी ते कागद देत नसत. दारावरून परत यायचे. मी एकदा विचारलं, तुम्ही तर जयभीमवाले, तुमच्यात सुतक पाळत नाहीत ना? म्हणाले, "आमच्यात सुतक नाय पाळत. पर रडतात तर समदेच का नाय? डोळ्यात पानी असल्यावर माणसाला अर्थ कसा कळंल?"

अशा घरांसाठी आमच्याकडं एक ठरलेलं वाक्य होतं. घर बंद. दारावर कुलूप होतं असं लिहायचं, पंधरा दिवसांनी नवीन समन्स निघायचं, मामा पुन्हा जायचे, अर्थ सांगायचे, सही घ्यायचे. खोटं होतं, पण त्यानं कुणाचं वाईट झालेलं माझ्या पाहण्यात नव्हतं. उलट मला ते आवडायचं. माझा नवरा गेला तेव्हा तिसऱ्या दिवशी कचेरीतून कसलासा फॉर्म भरून घ्यायला माणूस आला होता. मी काय लिहिलं ते मला आजही आठवत नाही. अशा वेळी दारावरून परत जाणारा माणूस मला देवासारखा वाटला असता.

शहराचं नाव बदललं त्याच सुमाराची गोष्ट. आम्ही जुन्या फॉर्मांवर नवा शिक्का मारत होतो. हर्सूलचं एक समन्स मामांच्या गठ्ठ्यात होतं. ताब्याचा दावा, वादी मोठा भाऊ, प्रतिवादी त्याच्या धाकट्या भावाची विधवा बायको. मामा जाऊन आले आणि डबा उघडता उघडता म्हणाले, "घर बंद लिहा ताई. सासू वारलीय. काल दहावा झाला. दारात एक माणूस व्हता, डोस्कं भादरलेलं, त्यानंच पानी दिलं. मी म्हणलं पुढल्या हप्त्यात येतो."

मी लिहिलं. 'प्रतिवादीचे घर बंद, कुलूप.' आणि पुढं माझ्या मनानं एक वाक्य जोडलं: 'शेजारी विचारपूस केली असता प्रतिवादी कोठे गेली व केव्हा येणार हे कोणी सांगू शकले नाही.' हे वाक्य मामांनी सांगितलं नव्हतं. शेजाऱ्यांचा उल्लेख नसला की नाझरसाहेब अहवाल परत फेकायचे, म्हणून मी ते प्रत्येक 'घर बंद'च्या मागं आपोआप लावायची. हात चालायचा. मामांनी न वाचता सही केली. जगाला आधी अर्थ सांगणारा माणूस माझ्या अक्षरावर मात्र डोळे मिटून सही करायचा.

ते समन्स पुन्हा मामांच्या गठ्ठ्यात आलं नाही. त्यांनी एकदोनदा विचारलंसुद्धा, "हर्सूलवालं निघालं का?" नाही म्हटल्यावर विसरले. महिन्याला शंभर कागद असतात.

ते का आलं नाही ते दीड वर्षानं कळलं. गठ्ठ्यात ताबा वॉरंट आलं. तोच दावा, तेच हर्सूल, तीच बाई. घर रिकामं करून वादीच्या हवाली करा. प्रतिवादी बाई आहे म्हणून बरोबर बाई कर्मचारी पाहिजे, आणि नाझरसाहेबांनी मला पाठवलं. रिक्षात मामा कागदाची घडी उघडून पुन्हा पुन्हा वाचत होते.

तलावाकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आत दोन खोल्यांचं घर. मामांनी चपला काढल्या. बाई बाहेर आली, पदराला हात पुसत. चाळिशीची असेल. मामांना बघून म्हणाली, "तुम्ही आलतात ना मागं? अत्याबाईच्या अकराव्याला? पानी पिऊन गेलाव."

"व्हय," मामा म्हणाले.

"काम सांगितलं नाय तुम्ही तव्हा. मी नंतर म्हणलं बी, कोन व्हते ते."

पोलिस शिपायाबरोबर एक माणूस फाटकाशी उभा होता. पांढरा शर्ट, डोक्यावर आता दाट केस. तो वादी होता, तिचा दीर. मामा त्याच्याकडं बघत राहिले. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "ताई, ह्यानंच पानी दिलं व्हतं."

तुम्हाला सगळं एकदम सांगते, कारण आम्हालाही ते एकदमच समजलं. हे घर धाकट्या भावाच्या वाटणीला आलं होतं, दोघा भावांचं तसं वाटणीपत्र होतं, बाईनं ते ट्रंकेत जपून ठेवलं होतं. पण महापालिकेच्या कागदावर नाव मोठ्याचंच राहिलं. धाकटा वारला. म्हातारी होती तोवर मोठा गप्प होता. ती दवाखान्यात गेली आणि यानं दावा लावला. आईचे दिवस करायला तो याच घरात येऊन बसला होता, आणि त्याच्याच दाव्याचं समन्स घेऊन बेलीफ दारात आला. यानं ओळखलं, पाणी दिलं आणि गप्प बसला. मग आमचा अहवाल कोर्टात गेला. घर बंद, शेजाऱ्यांना माहीत नाही. त्याच्या वकिलानं तेवढ्यावर अर्ज केला की प्रतिवादी सापडत नाही, पेपरात जाहीर समन्स द्यावं. गल्लीत कुणी घेत नाही अशा पेपरात चार ओळी छापून आल्या. कायद्यानं बाईला हाक मारून झाली होती. ती आली नाही. हुकूमनामा एकतर्फी झाला.

मामांनी वॉरंटचा अर्थ सांगितला. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. बाई ऐकत होती. सगळं झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, "पर मला हाक कव्हा मारली?"

त्या दिवशी मामांनी ताबा दिला नाही. 'प्रतिवादीने हरकत घेतल्याने वॉरंट परत' असं लिहायला लावलं. मग तिथंच पायरीवर बसून तिला सांगितलं, की एकतर्फी हुकूमनामा रद्द करून मागता येतो, आज तुला कळलं, आजपासून तीस दिवस आहेत, वकील गाठ, वाटणीपत्र घे. "समन्स मिळालंच नाय म्हून सांग. खरंच हाय ते."

"माझ्यावर कोन भरोसा ठिवील?" बाई म्हणाली. तिचं बरोबर होतं. त्या गल्लीतली निम्मी घरं दिराच्या नात्यातली. दीर आता म्हणत होता की आईचे दिवस आपल्याच घरी झाले, भावजयही तिथंच होती, इकडं कुलूप होतं. त्याचं म्हणणं खरं करायला आमचा अहवाल होताच.

"मी साक्ष देतो," मामा म्हणाले.

परतीच्या रिक्षात मी त्यांच्याशी भांडले. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती त्यांच्या. खोटा अहवाल दिला म्हणून शपथेवर सांगायचं म्हणजे नोकरी गेली, पेन्शन गेली. ते ऐकून घेत होते. शेवटी मी जे खरं मनात होतं ते बोलले. "मामा, अक्षराचं विचारलं तर?"

"कोन इचारतंय."

"विचारलं तर?"

"तर माझं," ते म्हणाले. "तुमची पोर दहावीला हाय. तुम्ही ह्यात नका पडू."

मी नको म्हटलं नाही. आजवर हे वाक्य मी कुणाला बोलून दाखवलेलं नाही. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले आणि मला बरं वाटलं.

बाईचा अर्ज चालला त्या दिवशी नाझर शाखेचं रजिस्टर हजर करायला मलाच बोलावलं होतं. मी भिंतीला लागून रजिस्टर धरून उभी होते. मामा पिंजऱ्यात उभे राहिले. चपला त्यांनी पिंजऱ्याखाली काढून ठेवल्या होत्या, शिपाई हसला. त्यांनी सगळं सरळ सांगितलं. मी गेलो होतो, घर उघडं होतं, सुतक होतं, मी कागद दिला नाही, घर बंद लिहिलं ते खोटं, ज्याच्या हातचं पाणी प्यायलो तो हा वादी. साहेबांनी पेन खाली ठेवून त्यांच्याकडं बघितलं. बाईचा वकील मान डोलवत होता. मला वाटलं, झालं. घर राहिलं.

मग दिराचा वकील उलटतपासणीला उठला. उलटतपासणी म्हणजे काय तेही मला मामांनीच शिकवलं होतं. "आपल्या माणसानं घातलेला सदरा दुसऱ्यानं उसवून बघायचा. शिवण पक्की असली तर राहतो." वकील पुष्कळ वर्षं त्या आवारात होता. मामांची बोटं त्याला माहीत होती. त्यानं अहवाल त्यांच्या हातात दिला.

"हा अहवाल तुम्हीच लिहिलात?"

"व्हय."

"अक्षर तुमचं?"

मामा थांबले नाहीत. "माझंच."

"शेजाऱ्यांचं हे वाक्य वाचून दाखवा."

मामांनी वाचलं. अडखळत वाचलं, कारण ते वाक्य ते पहिल्यांदाच वाचत होते. त्यांचा चेहरा मला दिसत होता. माझं वाक्य कुठवर गेलं होतं ते त्यांना त्या क्षणी कळलं.

वकिलानं साहेबांची परवानगी घेतली, कोरा कागद आणि पेन पुढं केलं. "हेच वाक्य इथं लिहा."

मामांनी लिहिलं. बराच वेळ लागला. कोर्टात पंखा चालू होता आणि सगळे त्या अर्ध्या बोटांकडं बघत होते. मग दोन्ही कागद साहेबांकडं गेले. शाळेतल्या पोरानंही सांगितलं असतं की हे एका हाताचं नाही.

"मग हे अक्षर कुणाचं?" साहेबांनी विचारलं.

मामांनी पेन वकिलाला परत दिलं. त्यांनी एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही. भिंत आणि पिंजरा यांत फार तर सात-आठ पावलं असतील. माझ्या हातात रजिस्टर होतं, त्याच्या पानापानावर तेच अक्षर होतं. मी एक शब्द बोलले असते तर मामांची बाकीची सगळी साक्ष खरी ठरली असती. मला मुलीची फी आठवली, खोलीचं भाडं आठवलं, अशा वेळी माणसाला लागतं ते सगळं आठवलं. मी रजिस्टर छातीशी घट्ट धरलं.

अर्ज फेटाळला. साक्षीदार अहवालात एक सांगतो, शपथेवर दुसरं सांगतो, आणि हस्ताक्षराबाबत कोर्टासमोर उघड खोटं बोलतो, तेव्हा त्याच्यावर विसंबता येत नाही, असं निकालात होतं. वाचायला अगदी बरोबर आहे. साहेबांच्या जागी मी असते तर मीही तेच लिहिलं असतं.

वरच्या कोर्टात अपील करता आलं असतं. मामा तिला सांगायला गेले. ती म्हणाली, "परत खोटं ठरायला जाऊ का?" महिनाभरात दुसऱ्या बेलीफानं ताबा दिला. मामा तोवर निलंबित झाले होते, तरी गेले होते म्हणे. तिची ट्रंक, भांडी, म्हातारीची बाज, एकेक उचलून टेम्पोत ठेवत होते. बाई त्यांच्याशी बोलली नाही. ती आता चितेगावला एका खोलीत राहते आणि तिथल्याच कारखान्यात पॅकिंगला जाते. दिरानं घर पाडलं.

निलंबनाच्या काळात मामा अधूनमधून कोर्टाच्या फाटकाबाहेर दिसायचे. कुणीतरी हातात समन्स घेऊन गोंधळलेलं दिसलं की त्याला बाजूला घेऊन समजावत असायचे. मला बघितलं की नेहमीसारखं विचारायचे, "बरं हाय ना ताई? पोर काय म्हणती?" त्यांनी त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मी दुसऱ्या फाटकानं जायला लागले.

एका रविवारी मामा दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

पुढं मी सगळं लेखी दिलं. खातेनिहाय चौकशी झाली, नोकरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. हर्सूलच्या त्या जागेवर तोपर्यंत नव्या इमारतीचे खांब उभे राहिले होते. माझ्या लेखी देण्यानं कुणाचं काही परत आलं नाही. का दिलं तेवढं सांगते.

मामांवरच्या चौकशीचं दोषारोपपत्र शनिवारी तयार झालं होतं. पाकिटावर पत्ता मी लिहिला, सगळ्याच पाकिटांवर मीच लिहायची. मंगळवारी नवीन बेलीफ ते घेऊन गेला आणि तासाभरात परत आला. अहवाल त्यानं स्वतःच लिहिला होता. 'संबंधित इसम मयत. घरातील सज्ञान व्यक्ती, पत्नी हिस कागद देऊन सही घेतली.' मयत होऊन तिसरा दिवस होता. बजावणी नियमाप्रमाणे झाली होती, बोट ठेवायला जागा नव्हती.

गुरुवारी मी मामांच्या घरी गेले. जलदान विधी व्हायचा होता, खोलीत सतरंजी घातलेली होती. मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. आमची ओळख नव्हती, तरी त्यांनी मला ओळखलं. उशीखालून पाकीट काढलं आणि म्हणाल्या, "हे तुमचंच अक्षर ना? हे लई कवतिक करायचे. ताईचं अक्षर बघितलं की शाळेत जाऊन बसावं वाटतं म्हनायचे." मग कागद माझ्यापुढं धरला. "काय लिव्हलंय ते वाचा. त्या माणसानं काय सांगितलं नाय. इथं सही करा म्हनला."

मी वाचलं. दोन आरोप होते. मी एकेक शब्दाचा अर्थ सांगत गेले, मामा सांगायचे तसा. पहिला आरोप, घर उघडं असताना बंद आहे असा खोटा अहवाल दिला. मामींनी मान हलवली, तेवढं त्यांना माहीत होतं. दुसरा, अहवालाचं अक्षर आपलं नसताना ते आपलंच आहे असं शपथेवर खोटं सांगितलं.

मामींनी कागदाकडं बघितलं. मग पाकिटाकडं बघितलं.

"मग अक्षर कुणाचं व्हतं?"

हाच प्रश्न साहेबांनी विचारला होता. मी म्हणाले, "माझं."

त्या ओरडल्या नाहीत. रडल्याही नाहीत. कागद माझ्या हातातून घेऊन त्यांनी घडी घातली, पाकिटात सरकवला आणि पाकीट सतरंजीवर माझ्याकडं ढकललं.

"सही तर मी परवाच केली ताई," त्या म्हणाल्या. "अर्थ आत्ता कळला."

मी उठले. दाराबाहेर माझ्या चपला होत्या, आणि शेजारी मामांच्या. कुणी त्या अजून आत घेतल्या नव्हत्या.